दुसरी घारी कोण मागतं?

कोजागरीचं मसाला दूध पिऊन झालं, की महाराष्ट्रात तो सण संपतो. सुरतेत मात्र खरी धमाल दुसऱ्या दिवशी असते! अश्विन वद्य प्रतिपदा, म्हणजे इथला ‘चांदनी पडवो’. दिवसभर घारीच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि रात्री डुमस रस्त्याच्या कडेला चटया अंथरून घरंच्या घरं जेवायला बसतात. लिंबायत, उधना, दिंडोली भागात खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या मुलांची तर चंगळच. आज दूध, उद्या घारी!

तुम्ही घारी पाहिली नसेल तर सांगते. मैद्याच्या पातळ पारीत मावा, साखर, बदाम, पिस्ते आणि वेलची यांचं सारण भरतात, ती तुपात तळतात आणि गार झाल्यावर पुन्हा तुपात घोळवतात. वरचं तूप थिजून पांढरंशुभ्र होतं. १८५७ च्या उठावात तात्या टोप्यांच्या सैनिकांना ताकद यावी म्हणून घारी खाऊ घातली होती, अशी गोष्ट सुरतेत सांगतात. ती खरी असो वा नसो, घारीत ताकद भरपूर असते यात शंका नाही. एक ग्रॅम साखरेतून शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तुपातून ९.

आता एक गंमत बघा. घारीबरोबर ‘भुसू’ खायची पद्धत आहे. भुसू म्हणजे खारं, तिखट फरसाण. एक घारी संपली की वाटतं, बस, आता गोड नको. मग गप्पा मारता मारता मूठभर भुसू तोंडात जातं. आणि काय आश्चर्य, दुसरी घारी हवीशी वाटायला लागते! पोट तर तेच, मघाशी भरलेलं. मग ही दुसरी घारी मागतं कोण?

आधी पोटालाच विचारू. आपलं जठर रिकामं असतं तेव्हा त्यात फक्त ७५ मिलीलिटरच्या आसपास जागा असते. पण त्याच्या आतल्या बाजूला साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या असतात. अन्न येऊ लागलं की त्या उलगडतात आणि तेच जठर लिटरभर अन्न आरामात सामावून घेतं, वेळ पडली तर त्याहूनही जास्त. भिंती ताणल्या गेल्या की तिथल्या मज्जातंतूंची टोकं मेंदूला कळवतात, ‘भरत आलंय.’ भूक लागल्याचं कळवायचीही सोय जठरातच आहे. घ्रेलिन नावाचं संप्रेरक तिथेच तयार होतं. मासायासू कोजिमा आणि केन्जी कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं, तेही अगदी अलीकडे, १९९९ मध्ये.

पोटात काय चालतं हे माणसाने पहिल्यांदा नीट पाहिलं, त्याची हकीकत तर विलक्षणच आहे. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण त्याच्या पोटाला पडलेलं भोक कधी बुजलंच नाही. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर ओढून पाहिले. बिचाऱ्या अलेक्सीला या प्रयोगांचा फार कंटाळा यायचा. मला तर शोधाचं अर्धं श्रेय त्याचंच वाटतं. १८३३ मध्ये ब्यूमाँट यांनी पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी नोंदवलेल्या गोष्टींपैकी एक अशी : तेलकट, स्निग्ध पदार्थ पचायला जड जातात.

असं का, ते आता कळलंय. तूप जठरातून पुढे लहान आतड्यात पोचलं की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात. केवढं लांबलचक नाव! ते जठराला सांगतं, ‘सावकाश, अजून पाठवू नकोस.’ आणि मेंदूला सांगतं, ‘पुरे.’ पण हे सगळं व्हायला वेळ लागतो. जेवायला सुरुवात केल्यापासून पोट भरल्याची जाणीव नीट व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. घारी संपायला किती लागतात? दोन-तीन! म्हणजे ‘पुरे’ हा निरोप पोचेपर्यंत दुसरी घारी पोटात गेलेलीसुद्धा असते. मग जठर तट्ट फुगतं, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला वर ढकलतं आणि श्वास जड होतो. कधी आतलं आम्ल अन्ननलिकेत चढतं आणि छातीत जळजळ होते.

आता भुसूकडे वळू. एकच चव सारखी खाल्ली की मेंदू त्या चवीला कंटाळतो, पण फक्त त्याच चवीला. दुसऱ्या चवीची आवड तशीच ताजी राहते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये हे तपासलं. लोकांना एकाच प्रकारची सँडविचं दिली तेव्हा ती जेवढी खाल्ली गेली, त्याच्या सुमारे एक तृतीयांश जास्त चार प्रकारची दिल्यावर खाल्ली गेली. घारी आणि भुसूची जोडी नेमकं हेच करते. गोडाचा कंटाळा आला की खारं, खाऱ्याचा आला की गोड. तेव्हा दुसरी घारी पोट मागत नाही. ती मागते मेंदूतली नव्या चवीची हौस. लग्नाच्या पंगतीत जिलेबीबरोबर मठ्ठा असतो, तिथेही हेच घडतं.

आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. याच बार्बरा रोल्स यांच्या गटाने २००० साली छोट्या मुलांना कधी कमी, कधी जास्त अन्न वाढून पाहिलं. पाच वर्षांची मुलं जास्त वाढलं की जास्त खात होती. तीन-साडेतीन वर्षांची मुलं मात्र ताटात कितीही वाढा, भूक असेल तेवढंच खात होती! तुमच्या घरातली चिमुरडी अर्धा घास टाकून पळते ना? तिला रागवू नका. ती आपल्या पोटाचं ऐकते. आपण मोठे होता होता ताटाचं ऐकायला लागतो.

आणि आग्रह करणाऱ्यांचंही! ‘अजून एक घे रे, सणाचं नाही म्हणू नये.’ आजी, मामी, काकू हे प्रेमानेच म्हणतात, पण आग्रह करणाऱ्याला आपल्या पोटातलं दिसत नसतं. आपल्याकडचे जुने वैद्य याबाबत स्पष्ट होते. ‘अष्टांगहृदय’ लिहिणाऱ्या वाग्भटांनी सांगितलंय, की पोटाचे दोन भाग अन्नाने भरावेत, एक भाग पेयाने आणि चौथा भाग मोकळा ठेवावा.

म्हणून चांदनी पडव्याला सुरतेत असाल तर घारी जरूर खा. फक्त ती चार जणांत वाटून घ्या, हळूहळू चावा आणि संपली की वीस मिनिटं चांदण्यात खेळून या. परत आल्यावरही भूक असेल तर अजून खा. नसेल तर ‘आजी, माझी उद्यासाठी ठेव’ असं मोकळेपणाने सांगा. फ्रिजमध्ये ठेवलेली घारी दुसऱ्या दिवशीही तितकीच छान लागते.