मुरलेली बियर

लोणचे मुरते, मुरांबा मुरतो. दिवाळसणाला अवघडून बसलेला जावईसुद्धा दोन-चार वर्षांत चांगला मुरतो. बियरही मुरते, हे मात्र पुष्कळांच्या गावी नसते. इंग्लंडात घरी बियर करायला पूर्वी परवाना लागे. १९६३ साली ती अट गेली आणि जिन्याखालच्या फडताळांत बाटल्यांच्या रांगा लागल्या. (आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा हे ज्ञान वाचनापुरतेच!) या मंडळींना छळणारा प्रश्न एकच : बाटली उघडायची केव्हा?

बाटल्या भरताना लिटरमागे ६-७ ग्रॅम साखर घालतात. बियरमध्ये उरलेले यीस्ट ती खाते आणि वायू सोडते. बूच घट्ट, म्हणून वायू आतच विरघळतो. बियरचा फेस तो हाच. २० अंशांच्या उबेत याला २ ते ३ आठवडे लागतात. घाई केली तर पेय गोडसर, मिळमिळीत लागते. कधी कच्च्या सफरचंदाचा वास मारते. थोडा धीर धरला तर यीस्टच तो वास बहुधा निस्तरते.

पिंपातले आंबणे पुरे होण्याआधीच बाटल्या भरल्या तर मात्र गाठ स्फोटाशी असते. वायू कोंडतो, काच फुटते आणि तुकडे अंगावर येतात. इथे पंचांग उपयोगाचे नाही. घनतामापक सलग दोन-तीन दिवस एकच आकडा दाखवील, तेव्हाच बूच लावावे.

मग जितकी जुनी तितकी चांगली? छे! आपल्या भाषेने ‘मुरणे’ आणि ‘शिळे होणे’ असे दोन शब्द केले आहेत, ते उगीच नव्हे. हॉपच्या फुलांचा घमघमाट असलेली किंवा गव्हाची बियर दोन-तीन महिन्यांत संपवावी. पुढे सुगंध उडतो आणि आत राहिलेल्या हवेमुळे ओल्या पुठ्ठ्याची चव येते. उन्हाने तर दुर्गंधीच सुटते. म्हणून बाटली तपकिरी हवी आणि जागा अंधारी.

बार्ली-वाइनसारखी कडक बियर निराळी. तिचा झणका निवायला वर्षही कमीच. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप यांनी १९६८ साली कादंबरीकार हार्डीच्या नावे काढलेली एल वर्षानुवर्षे मुरवण्यासाठीच होती.

साध्या बियरसाठी तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक बाटली उघडून चव वहीत टिपावी, हे उत्तम. चव जमली की उरलेल्या बाटल्या थंड जागी हलवाव्यात. तिथे मुरणेही मंदावते आणि शिळे होणेही.