चौकट : धड्याचा व्हिडिओ सगळ्यांसाठी

अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरला साखर कारखाना आहे. गाळप हंगामात ऊसतोड कुटुंबांची मुलं आईवडिलांसोबत फडाफडांतून फिरतात. अशा मुलासाठी पहिली अडचण रेंजची. 'दीक्षा' अ‍ॅपवरचा धडा रेंज असेल तिथं डाउनलोड करून ठेवला, की पुढे इंटरनेटशिवाय चालतो.

कर्णबधिर मुलांसाठी मजकूरपट्टी हवी. आपोआप उमटणारी मराठी पट्टी तपासल्याशिवाय लावू नये. जोडाक्षरं आणि आकडे ती हमखास चुकवते. शिवाय खुणांची भाषा ज्याची पहिली भाषा, त्याला पट्टी पुरत नाही. एनसीईआरटीची पुस्तकं भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा करार ऑक्टोबर 2020मध्ये झाला.

दृष्टिहीन मुलांचा विचार सर्वांत कमी होतो. शिक्षक फळ्यावर बोट ठेवून म्हणतात, "ही बाजू आणि ही बाजू समान." ऐकणाऱ्याला काय कळणार? "बाजू अब आणि बाजू अक समान" म्हणायला पैसे पडत नाहीत. अंधुक दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान 4.5:1 ठेवावं, असं आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं तिथं साफ नापास.

दिव्यांग हक्क कायदा 2016चा आहे. सुलभ शिक्षण त्यात हक्क म्हणून नोंदलं आहे.