गौण विषय, थोर विद्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून गोव्याच्या महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मुख्य विषयाच्या जोडीला एक गौण विषय निवडण्याची मुभा या धोरणाने विद्यार्थ्याला दिली. त्यामुळे अर्थशास्त्र वा रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी संगीताचाही रीतसर अभ्यास करावा, ही कल्पना प्रथमच आवाक्यात आली आहे. तिच्याकडे पाहून दोन प्रकारची माणसे नाके मुरडतात. पोटापाण्याची विद्या सोडून हे गाणेबजावणे कशाला, असे काही पालक विचारतात. गुरुमुखातून मिळणारी विद्या अशी तुकड्यातुकड्यांनी मिळते काय, असे काही जाणकार म्हणतात. दोघांनाही उत्तर देणे अवश्य आहे.

पालकांनी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र आठवावे. ते कायद्याचे पदवीधर आणि व्यवसायाने वकील. विद्यार्थिदशेपासून त्यांनी संगीताचा व्यासंग केला तो आपले शिक्षण सांभाळूनच. पुढे याच व्यासंगातून दहा थाटांची मांडणी, शेकडो चिजांचा संग्रह, १९१६ ची बडोद्याची संगीत परिषद आणि १९२६ चे लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले. डॉ. प्रभा अत्रे यांनीही विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या घेतल्या होत्या. त्या पदव्यांनी त्यांचे गाणे अडवले नाही.

गोमंतकीयांना तर या प्रश्नाचे अधिकच अगत्य असावयास हवे. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी या भूमीचे नाव देशभर गाजविले. परंतु ज्या कलावंत समाजातून त्या आल्या, त्याचे गाणे देवळात आणि मैफलीत हवे असणाऱ्या प्रतिष्ठितांना ते आपल्या घरातील लेकीसुनांच्या गळ्यात मात्र नको होते. ती विद्या आज पदवीच्या गुणपत्रिकेत इतर शास्त्रांच्या पंक्तीस बसत असेल, तर उशिरा का होईना, समाजाने आपले एक जुने ऋण मान्य केले असे आम्ही समजतो.

जाणकारांचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हिशेब सरळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीत गौण विषयाला किमान २४ श्रेयांक आहेत आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास. सारे श्रेयांक प्रात्यक्षिकाचे धरले तरी ७२० तास होतात, म्हणजे दिवसाला सरासरी पाऊण तासही नाही. एवढ्यात गवई घडत नाही. तसे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु सुरात तंबोरा लावणे, विलंबित एकतालात सम ओळखणे, भूप आणि देशकार यांचे स्वर तेच असता चलन निराळे का, हे कानाने जाणणे एवढ्या काळात निश्चित साधते. तानसेन होणे थोड्यांच्याच नशिबी असते. कानसेन झाल्यावाचून मात्र तानसेनाला कोणी विचारीत नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर गाणाऱ्या कलावंताला हे सांगावे लागत नाही.

खरी भीती वेगळीच आहे. तासिका तत्त्वावर एखादा शिक्षक नेमावा, वाद्ये मागविण्याची फाइल वर्षभर फिरत राहावी, मुलांनी टिपणे पाठ करून रागाचे वादी-संवादी कागदावर उतरवावेत आणि स्वर मात्र एकही लागू नये, असे झाले तर हा विषय गुण मिळविण्याची सोपी पळवाट ठरेल. म्हणून कायम नेमणुकीचा, स्वतः गाणारा वा वाजविणारा शिक्षक, बारा-पंधरा विद्यार्थ्यांहून मोठा नसलेला वर्ग आणि ऐकून-ऐकवून घेतलेली परीक्षा, या तीन गोष्टींवर विद्यापीठाने तडजोड करू नये. वर्गाबाहेरची पाठशाळा तर गोव्यात फुकट उपलब्ध आहे. भजनी सप्ताह, देवळांतले उत्सव, आणि पिढ्यान्‌पिढ्या चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले आपले ख्रिस्ती बांधव, या साऱ्यांकडून विद्यार्थ्याने शिकावे.

‘गौण’ हा शब्द वेळापत्रकापुरता खरा असू द्यावा. तो शिक्षकाच्या वेतनात, वाद्यांच्या तरतुदीत आणि आमच्या मनांत शिरला, तर मात्र दोष धोरणाचा राहणार नाही. तो आमचा असेल.