माणूस नेमका कुठं आहे? अटकेनंतरची नोंद मोबाइलवर कशी शोधायची

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय कुणाला लागू पडू नये असंच वाटतं. पण पडलाच तर अवेळी पडतो, आणि तेव्हा हाताशी फक्त मोबाइल असतो. फोन येतो, "अरे, त्याला पोलिसांनी नेलंय." कुठल्या पोलीस स्टेशनला? कशासाठी? कोर्टात कधी नेणार? आणि पुढे जेलमध्ये गेला तर कुठल्या जेलमध्ये?

आपल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात हा प्रश्न जरा जास्तच अवघड होतो. तारापूर एमआयडीसीत काम करणारी कितीतरी मुलं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, नाहीतर मराठवाड्यातून आलेली. घरचे हजार-पंधराशे किलोमीटरवर. म्हणजे सगळ्यात आधी बातमी कळते ती रूम पार्टनरला, आणि शोधायची जबाबदारीही त्याच्यावरच येते. तो रूम पार्टनर उद्या तुम्ही असू शकता. म्हणून आज सगळं क्रमानं पाहू.

एक नोंद नाही, तीन नोंदी आहेत

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "जेलमध्ये कोण आहे" याची एकच यादी कुठंतरी असेल आणि नाव टाकलं की उत्तर येईल, असं आपल्याकडे नाही. अटक झालेला माणूस तीन टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्याची नोंद वेगळ्या ठिकाणी असते. पहिला टप्पा पोलीस स्टेशन, दुसरा कोर्ट, तिसरा कारागृह. माणूस कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखलं नाही, तर आपण चुकीच्या दारावर थापा मारत बसतो. काल अटक झालेल्याला जेलच्या वेबसाइटवर शोधून काही मिळणार नाही, कारण तो अजून तिथं पोचलेलाच नसतो.

पहिला टप्पा : पहिले २४ तास

राज्यघटनेचं कलम २२ सांगतं की अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. प्रवासाला लागणारा वेळ तेवढा यात धरत नाहीत. म्हणजे आपल्या हातात पहिला दिवस असतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यातली दोन कलमं लक्षात ठेवा. कलम ४८ म्हणतं की अटक केल्यावर पोलिसांनी त्या माणसाच्या नातेवाइकाला, मित्राला किंवा तो सांगेल त्याला लगेच कळवायचं, आणि कुणाला कळवलं हे पोलीस स्टेशनच्या वहीत लिहायचं. वाचा परत : मित्राला. म्हणजे रूम पार्टनर चालतो. "तुम्ही कोण लागता त्याचे?" असं कुणी दरडावलं तर हे कलम आठवा.

दुसरं कलम ३७. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस स्टेशनला एक अधिकारी नेमलेला असायला हवा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप याची माहिती ठेवणं हे त्याचं काम. ही माहिती पोलीस स्टेशनला आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे लावायची, डिजिटल स्वरूपातही.

हे नियम एका दिवसात आलेले नाहीत. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं अटकेसाठी अकरा सूचना घालून दिल्या. अटकेचा पंचनामा करा, साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा, कंट्रोल रूमच्या फलकावर नोंद लावा. कोठडीतल्या मृत्यूंच्या तक्रारींतून ते प्रकरण उभं राहिलं होतं. माणूस ताब्यात आहे हे चार लोकांना माहीत असलं की त्याच्या जिवाला धोका कमी होतो, हा त्यामागचा साधा विचार. फलकावरचं नाव हे बदनामीसाठी नसून संरक्षणासाठी असतं. हा मुद्दा शेवटी परत लागणार आहे.

आता मोबाइलवर काय करायचं? महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर दोन गोष्टी पाहता येतात : प्रसिद्ध केलेले एफआयआर आणि अटक आरोपींची यादी. जिल्हा, पोलीस स्टेशन आणि तारखा टाकून शोधायचं. इथं आपल्याकडची एक गंमत. वसई, विरार, नालासोपारा हा भाग पालघर जिल्ह्यात असला तरी २०२० पासून तिथली पोलीस स्टेशनं मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात गेली आहेत. बोईसर, तारापूर, पालघर, सातपाटी मात्र पालघर पोलीस अधीक्षकांकडे. त्यामुळे नालासोपाऱ्याला पकडलेला माणूस "पालघर" निवडून सापडणार नाही.

एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचा, हा सुप्रीम कोर्टाचा सप्टेंबर २०१६ चा आदेश. नेटवर्कची अडचण असेल तर ७२ तासांपर्यंत मुभा. पण लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांचा एफआयआर तिथं दिसत नाही. आणि अठरा वर्षांखालचं मूल असेल तर त्याचं नाव कुठंच जाहीर करता येत नाही. ते मूल जेलमध्ये जात नाही, बाल न्याय मंडळासमोर जातं.

म्हणून ऑनलाइन काही दिसलं नाही म्हणजे अटकच नाही, असं समजू नका. सरळ पोलीस स्टेशनला जा, किंवा ११२ ला फोन करा. तिथून एकच गोष्ट लिहून आणा : गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु. र. नं., आणि त्याचं वर्ष. पुढचे सगळे दरवाजे या नंबरानं उघडतात.

दुसरा टप्पा : कोर्ट

आपल्याकडे कोर्टाच्या आवारात दोन शब्द सारखे कानावर येतात. "पीसीआर पडली" म्हणजे पोलीस कोठडी, माणूस अजून पोलिसांच्या ताब्यात. "एमसीआर झाली" म्हणजे न्यायालयीन कोठडी, आता तो जेलकडे जाणार. हे कोर्टाबाहेर वकिलाला नुसतं विचारलंत तरी निम्मा प्रश्न सुटतो.

केस शोधायला ई-कोर्ट्सचं ॲप आहे, फुकट आहे. प्रत्येक केसला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर असतो. तो मिळाला की पुढची तारीख, कुठलं कोर्ट, आदेश, सगळं एका जागी. सीएनआर नसेल तर पोलीस स्टेशन आणि गु. र. नं. टाकून शोधा. नावानं शोधायचा पर्याय आहे, पण तो शेवटी वापरा. कारण नावं इंग्रजीत टाइप केलेली असतात आणि टाइप करणाऱ्यागणिक स्पेलिंग बदलतं. चौधरी, मोहम्मद, गायकवाड यांची तीन-चार स्पेलिंगं सहज सापडतील. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा पहिली तीन-चार अक्षरं टाका.

जुनी केस असेल तर ठाणे जिल्ह्याखालीही शोधा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधीचा सगळा कागद ठाण्याचा.

तिसरा टप्पा : कारागृह

आपल्या भागातले न्यायालयीन कोठडीतले बरेचसे आरोपी ठाणे मध्यवर्ती कारागृहात जातात. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या जुन्या किल्ल्यातलं हे जेल. पण जागा, गुन्ह्याचं स्वरूप किंवा सुरक्षेमुळे तळोजा, कल्याण अशा दुसऱ्या कारागृहातही पाठवणी होऊ शकते. त्यामुळे गृहीत धरू नका. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे वॉरंट कुठल्या कारागृहाच्या नावानं निघालं, हे वकिलाला किंवा कोर्टाच्या कारकुनाला विचारा.

देशभरातल्या जेलची नोंद आता ई-प्रिझन्स या यंत्रणेत होते. पोलीस, कोर्ट आणि जेल एकमेकांची माहिती आयसीजेएस नावाच्या जोडणीतून पाहतात. आपल्यासाठी मुख्य दार आहे ते राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवरची ई-मुलाकात. राज्य, कारागृह, कैद्याचं आणि वडिलांचं नाव, आपलं ओळखपत्र भरायचं, ओटीपी येतो, आणि जेलनं मान्यता दिली की भेटीची वेळ मिळते. समोरासमोर किंवा व्हिडिओवर. बोईसरहून ठाणे म्हणजे वसई रोडला गाडी बदला, नाहीतर दादरचा वळसा, एकूण एक खाडा नक्की. म्हणून आधी नोंदणी करा आणि मूळ ओळखपत्र सोबत घेऊनच निघा.

वकील परवडत नाही? कोठडीतल्या कुणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. हेल्पलाइन १५१००.

आणि माणूस तिन्ही ठिकाणी सापडत नाही, पोलीस "आमच्याकडे नाही" म्हणतात, पण नेताना लोकांनी पाहिलंय? मग हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरण याचिका करता येते. माणूस हजर करा, असा आदेश कोर्ट देऊ शकतं.

जामीन झाला, पण सुटला नाही

हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. जामीन मंजूर होऊनही माणसं आत राहतात. जामीनदार नाही, रक्कम भरता येत नाही, किंवा आदेश झालाय हेच कुणाला माहीत नाही. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं यावर सूचना दिल्या. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं जेल अधीक्षकामार्फत कैद्याला द्यायची. जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये टाकायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. म्हणजे इथं नोंद हीच सुटकेची किल्ली आहे. तुमच्या माणसाचा आठवा दिवस उजाडला असेल तर १५१०० ला फोन करून हेच विचारा.

आपल्याच किनाऱ्यावरची, पण कराचीतली यादी

पालघर जिल्ह्याबद्दल बोलतोय आणि हे सांगितलं नाही तर भाग अपुरा राहील. डहाणू, तलासरीकडची कितीतरी मुलं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट समुद्रातली हद्द ओलांडते, पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा पकडते, आणि माणूस कराचीच्या जेलमध्ये.

त्यांची नोंद कुठं असते? भारत आणि पाकिस्तान यांच्यात २००८ चा करार आहे. दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. १ जानेवारी २०२५ ला पाकिस्ताननं दिलेल्या यादीत ४९ नागरी कैदी आणि २१७ मच्छीमार होते. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदनात आकडे येतात, पण घरच्यांना हवं असतं ते नाव. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या जेलमध्ये मृत्यू झाला. मृतदेह गावी यायला महिन्याहून जास्त काळ गेला. आकड्यात एक कमी झाला. घरच्यांसाठी तो आकडा नव्हता.

अशा घरांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे. तिथं तक्रार नोंदवा, आणि नागरिकत्व सिद्ध करणारे कागद जिल्हा प्रशासनाकडे लवकर द्या. तिथं सुटकेची पहिली पायरी नागरिकत्वाची पडताळणी हीच असते.

नाव सापडलं म्हणजे काय सिद्ध झालं?

काहीच नाही. एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या जेलमध्ये ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते आणि त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी. म्हणजे दर चारांतले तीन असे, ज्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही.

बाहेर काय पद्धत आहे? अमेरिकेत केंद्राच्या तुरुंगातल्या कैद्याचं नाव कुणीही ऑनलाइन शोधू शकतं, १९८२ पासूनच्या नोंदी आहेत. इंग्लंडमध्ये उलट. तिथं सरकारकडे चौकशी करता येते, पण आपला ठावठिकाणा सांगायचा की नाही हे कैद्याला विचारून ठरतं. आपण मधे कुठंतरी आहोत : अटक आणि केस उघड, जेलची आतली नोंद बरीचशी बंद.

म्हणून एवढंच सांगणं. एफआयआरचा स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर टाकायच्या आधी थांबा. त्याच नावाचा दुसरा माणूस असू शकतो. तोच असला तरी उद्या निर्दोष सुटू शकतो, आणि निकालाचा स्क्रीनशॉट कुणी फिरवत नाही. रूम आणि नोकरी मात्र पहिल्या स्क्रीनशॉटवर जाते. ती नोंद माणूस हरवू नये म्हणून आहे.

आणि एक, फसवणुकीचं

"तुमचा मुलगा अटकेत आहे, इतके पैसे पाठवा," असे फोन गावाकडच्या आई-वडिलांना येतात. आता तुम्हाला उत्तर माहीत आहे. विचारायचं, "कुठलं पोलीस स्टेशन? गु. र. नं. काय?" फोन ठेवायचा, मुलाला लावायचा, मग त्या पोलीस स्टेशनला. व्हिडिओ कॉलवर अटक करता येत नाही, "डिजिटल अरेस्ट" नावाची गोष्ट कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

हा भाग घरच्यांना पाठवा, त्यातही गावी असलेल्यांना आधी. तुमच्या भागात कोर्टाचं किंवा जेलचं काही काम अडलं असेल तर प्रश्न पाठवा, फक्त कुणाचं नाव लिहू नका. भेटू पुढच्या भागात.