श्वेतकोशिकार्बुद, चिरकारी मज्जाजन्य

अस्थिमज्जेतील एका मूल कोशिकेत (जिच्यापासून सर्व रक्तकोशिका उत्पन्न होतात अशा कोशिकेत) घडलेल्या जननिक बदलामुळे श्वेत कोशिकांची बेसुमार वाढ होणाऱ्या, दीर्घकाळ मंद गतीने चालणाऱ्या रक्ताच्या कर्करोगास ही संज्ञा आहे. थकवा, वजन घटणे व पानथरीची (प्लीहेची) वृद्धी ही लक्षणे सावकाश उद्‌भवतात. पुष्कळदा अन्य कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीतच रोग उघडकीस येतो.

१९६० मध्ये फिलाडेल्फिया येथे पीटर नोएल व डेव्हिड हंगरफर्ड यांना रुग्णांच्या रक्तकोशिकांत एक अतिशय लहान गुणसूत्र आढळले. त्यास त्या शहराचेच नाव मिळाले. त्याचा उरलेला भाग नष्ट झाला असावा, अशी समजूत होती. शिकागो येथील जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये रंजकांमुळे गुणसूत्रांवर उमटणारे पट्टे ताडून पाहिले, तेव्हा क्र. २२ च्या गुणसूत्राचा तो भाग क्र. ९ च्या गुणसूत्रास जोडला गेल्याचे दिसून आले. क्र. ९ वरील ‘एबीएल’ हा जीन या अदलाबदलीत क्र. २२ वरील ‘बीसीआर’ या जीनाशेजारी येऊन दोहोंचा संयुक्त जीन बनतो, हे १९८० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध झाले.

मूळ एबीएल प्रथिन हे टायरोसीन कायनेज वर्गातील एंझाइम (जैव रासायनिक विक्रियेस मदत करणारे प्रथिन) असून ते इतर प्रथिनांना फॉस्फेट गट जोडते. त्याच्या क्रियेवर कोशिकेचे कडक नियंत्रण असते. संयुक्त प्रथिनात हे नियंत्रण नाहीसे होते. परिणामी बाहेरून संदेश नसतानाही कोशिका विभाजित होत राहतात, नैसर्गिक मृत्यू टाळतात आणि मज्जेतील आधार-ऊतकास नीट चिकटून न राहता अपक्व स्थितीतच रक्तात उतरतात.

सर्व विकृत कोशिका एकाच पूर्वज कोशिकेच्या वंशज असतात, याचा पुरावा काहीसा अनपेक्षित दिशेने आला. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज या एंझाइमाचे दोन प्रकार ज्या स्त्रियांच्या शरीरात असतात, त्यांच्या त्वचेत दोन्ही प्रकारच्या कोशिका सापडतात; परंतु रोग जडलेल्या अशा स्त्रियांच्या विकृत रक्तकोशिकांत मात्र एकच प्रकार आढळला (१९६७).

उपचाराविना चिरकारी अवस्था सामान्यतः ३ ते ५ वर्षे टिकते. या काळात कोशिका संख्येने वाढल्या, तरी पक्व होण्याची क्षमता राखून असतात. संयुक्त प्रथिनाच्या प्रभावाने डीएनएची हानी वाढते व तिची दुरुस्ती सदोष होते. त्यामुळे दुसरे फिलाडेल्फिया गुणसूत्र, क्र. ८ चे जादा गुणसूत्र यांसारख्या नव्या विकृतींची भर पडते. अखेर कोशिकांचे पक्वन थांबून रक्तात वा मज्जेत आद्यकोशिकांचा सुळसुळाट होतो. हीच घातक अंतिम अवस्था होय. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत या आद्यकोशिका लसीका वर्गाच्या असतात. रोगाचा उगम सर्व रक्तकोशिकांच्या सामाईक मूल कोशिकेत असल्याचे यावरूनही दिसते.

२००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब हे औषध एंझाइमाच्या ज्या खाचेत एटीपी हे ऊर्जावाहक संयुग बसते, तीच खाच अडवते. या औषधाने व त्याच्या नंतर आलेल्या औषधांनी बहुसंख्य रुग्णांचे आयुर्मान जवळजवळ सर्वसामान्यांइतके झाले. तथापि एंझाइमातील ३१५ व्या स्थानी थ्रिओनिनाऐवजी आयसोल्यूसीन आल्यास इमॅटिनिब निष्प्रभ ठरते. शिवाय सुप्त मूल कोशिका जगण्यासाठी या एंझाइमावर अवलंबून नसल्याने औषधातून बचावतात. दीर्घकाळ उत्तम प्रतिसाद दिलेल्या रुग्णांत देखरेखीखाली औषध थांबविले असता सुमारे निम्म्यांत रोग परततो, तोही बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. उरलेल्यांत तो का परतत नाही, याचे संशोधन चालू आहे.