दुसरे गिऱ्हाईक

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातल्या पूर्ण स्पर्धेच्या बाजारात घासाघीस नसते. घेणारे अनेक, विकणारे अनेक, भाव सर्वांना ठाऊक. मग विनवणी कोणी कोणाची करायची? वर्गात हे शिकवताना, बापाबरोबर बैलबाजार पाहिलेली पोरे माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांचा संशय रास्त आहे.

बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालतो आणि बोटे दाबून भाव ठरतो. आडतीतही पूर्वी हीच रीत होती. तिला हत्ता म्हणत. शेजारच्या मालाला काय भाव मिळाला हे दुसऱ्या शेतकऱ्याला कळू नये, एवढेच त्या रुमालाचे काम. तिथे घासाघीस भरपूर, स्पर्धा नाही. १९६३ च्या कायद्याखाली बाजार समित्यांत उघड लिलावाचा नियम आला तो यासाठी. (खरेदीदार तिघेच असून चहा पिताना भाव ठरवून आले असतील, तर उघड लिलाव हाही रुमालच.)

घासाघिशीत जिभेपेक्षा माल दुसरीकडे नेण्याची ऐपत मोठी. स्पर्धा ही ऐपत देते. रेशीमकोष फार दिवस ठेवता येत नाहीत. पतंग बाहेर पडला की धागा तुटतो. अशा मालाचा शेतकरी कर्नाटकात रामनगरपर्यंत जाई. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदी सुरू झाली, तेव्हा त्याला घराजवळ दुसरे गिऱ्हाईक मिळाले.

पण ज्याच्याजवळ विकायला फक्त अंगमेहनत आहे त्याचे काय? कोष चार दिवस तरी टिकतो. आजचा रिकामा दिवस उद्या विकता येत नाही. अंबड-घनसावंगीकडचे ऊसतोडीचे जोडपे हंगामाआधीच मुकादमाची उचल घेते. पुस्तक त्याला करार म्हणेल, पण उचल अंगावर असताना भाव करायला तोंड उरत नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच विचारले होते: बेकारापुढे कसले तरी काम ठेवून त्याबदल्यात हक्क सोडायला सांगितले, तर तो काय निवडेल?

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणे सुखाचे नव्हते आणि मजुरीही बेताची होती. तरी गावोगावचे बागायतदार तक्रार करू लागले, की हमीमुळे माणसे मिळत नाहीत. माणसे गावातच होती. वाड्यावरून सांगितलेल्या मजुरीला ती आता नाही म्हणू शकत होती.