खाऱ्या पाण्याशी सामना

१० जून १९११च्या ‘लॅन्सेट’मध्ये लेनर्ड नून या तरुण डॉक्टरचा एक छोटा लेख छापून आला. नून लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑल्मरोथ राइट यांच्या लसीकरण विभागात काम करत होता. इंग्लंडात उन्हाळा लागला, गवत फुलोऱ्यावर आलं, की असंख्य लोकांची नाकं गळू लागत, डोळे चुरचुरत, शिंकांची माळ लागे आणि काहींना त्यातच दमही लागे. याला ‘हे फीवर’ म्हणत. त्यामागे गवताचे परागकण आहेत हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३च्या पुस्तकात दाखवून दिलं होतं. त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच नाकात पराग घातले, हातावर ओरखडा काढून त्यावर चोळले आणि वरच्या हवेत पराग किती असतात ते पाहायला पतंगही उडवले. ब्लॅकली स्वतः या विकाराचे रुग्ण होते, त्यामुळे प्रयोगासाठी माणूस शोधायची वेळ आली नाही.

नूनने टिमथी गवताच्या परागांचा अर्क काढला. तो खूप पातळ करून रुग्णाच्या कातडीखाली टोचायचा आणि मात्रा हळूहळू वाढवत न्यायची, अशी त्याची पद्धत होती. गुण येतो की नाही हे पाहण्याची युक्ती मला फार आवडते. वेगवेगळ्या तीव्रतेच्या अर्कांचे थेंब रुग्णाच्या डोळ्यात टाकायचे आणि कोणत्या तीव्रतेला डोळा लाल होतो ते टिपायचं. टोचण्या झाल्यावर तोच डोळा लाल व्हायला आधीपेक्षा तीव्र अर्क लागला, तर शरीर सरावलं असं धरायचं.

गंमत अशी की यामागची नूनची उपपत्ती चुकीची होती. परागांमध्ये घटसर्पासारखं एखादं विष असतं आणि टोचल्याने त्यावर उतारा तयार होतो, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात विष वगैरे काही नसतं, आपलं शरीरच निरुपद्रवी कणाला शत्रू समजून बसतं. या घोटाळ्यातलं मुख्य पात्र म्हणजे आयजीई नावाचं प्रतिपिंड. ते १९६६-६७मध्ये डेन्व्हरला इशिझाका पतिपत्नींना आणि स्वीडनच्या उप्सालात योहान्सन आणि बेनिश यांना सापडलं. तोवर नूनला जाऊन पन्नास वर्षं उलटली होती. क्षयाने तो १९१३मध्येच वारला आणि त्याचा सहकारी जॉन फ्रीमन याने काम पुढे नेलं. उपपत्ती पडली तरी उपचार मात्र टिकला.

पण खरंच टिकावा असा होता का? इंजेक्शनं सुरू होती, रुग्ण समाधानी होते, डॉक्टर तर त्याहून समाधानी होते. तरीही चाळीस वर्षं त्याचा भक्कम पुरावा कोणी मागितला नाही. अ‍ॅलर्जीची सर्दी आणि दमा या विकारांचा स्वभाव असा की कोणतंही औषध त्यात यशस्वी दिसू शकतं. एखाद्या वर्षी जूनमध्ये पाऊस जास्त झाला तर पराग हवेत उडतच नाहीत. शिवाय माणूस उपचाराला जातो तो फार हाल झाले त्या वर्षी. पुढचं वर्ष त्यामानाने बरं जाण्याचीच शक्यता जास्त, आणि श्रेय जातं सुईला. हैदराबादला मृगाच्या दिवशी दम्यासाठी माशाच्या तोंडातून औषध घेणाऱ्यांच्या रांगेत आपल्याकडचीही माणसं असतात. ‘आमच्या शेजारच्यांना गुण आला’ असं ती सांगतात. ती खोटं बोलत नाहीत. मृगाच्या आधीच्या महिन्यात ते शेजारी कसे होते आणि औषध न घेता कसे राहिले असते, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

हाच प्रश्न १९५४मध्ये सेंट मेरीजमध्येच विल्यम फ्रँकलंड आणि रोझा ऑगस्टिन यांनी घेतला. फ्रँकलंड हा अफाट माणूस. दुसऱ्या महायुद्धात तो सिंगापूरला जपान्यांचा कैदी होता. नंतर पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगच्या हाताखाली काम केलं. कीटकदंशाची अ‍ॅलर्जी कशी वाढत जाते ते पाहायला त्याने स्वतःला दर आठवड्याला दक्षिण अमेरिकेतल्या एका रक्तपिपासू ढेकणाकडून चावून घेतलं आणि शेवटी अ‍ॅड्रेनलीन टोचून घेऊनच सुटका करून घ्यावी लागली. सद्दाम हुसेन यांना तपासून ‘तुम्हाला अ‍ॅलर्जी नाही, सिगारेटी सोडा’ असं सांगितल्याची आठवणही तो सांगे. २०२०मध्ये कोविडने गेला तेव्हा त्याचं वय १०८ होतं.

फ्रँकलंड आणि ऑगस्टिन यांनी २०० रुग्ण घेऊन चार गट केले. एकाला परागांचा नेहमीचा कच्चा अर्क, दुसऱ्याला त्यातलं शुद्ध केलेलं मुख्य प्रथिन, तिसऱ्याला प्रथिन गाळून काढल्यावर उरलेला भाग आणि चौथ्याला फिनॉल घातलेलं नुसतं खारं पाणी. आपल्याला काय टोचलंय हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. हंगाम संपल्यावर हिशेब मांडला, तेव्हा खरा अर्क किंवा शुद्ध प्रथिन मिळालेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांना चांगला गुण आला होता. म्हणजे नून बरोबर होता. पण माझ्या मते त्या निबंधातला जास्त मोलाचा आकडा दुसरा आहे. नुसतं खारं पाणी टोचलेल्यांपैकीही जवळजवळ एकतृतीयांश लोक खूश होते. श्वसनाच्या विकारावरच्या कोणत्याही नव्या औषधाला पहिली लढत द्यावी लागते ती या एकतृतीयांशाशी.

आजच्या चाचणीत ही लढत वहीवर लढली जाते. रुग्ण रोज चार रकाने भरतो: नाक वाहणं, नाक चोंदणं, शिंका, खाज. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे सगळ्यात वाईट दिवसाचे बारा. पुष्कळ चाचण्यांत सुरुवातीचे काही दिवस सगळ्यांनाच खोटं औषध देतात आणि केवळ त्यानेच ज्यांचे आकडे धाडकन खाली येतात त्यांना बाजूला काढतात. वरून कंटाळवाणं दिसणारं हे काम, पण या चार रकान्यांनी भल्याभल्या गोळ्यांना घरी बसवलंय.

टोचणीला मात्र जिंकूनही दंड भरावा लागला. १९८६मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने जाहीर केलं की १९५७पासून या इंजेक्शनांमुळे २६ मृत्यू झाले होते. त्यांतले बरेच जण दम्याचे रुग्ण होते. नियम इतके कडक झाले की तिथे हा उपचार बराच काळ जवळजवळ बंदच पडला. त्यानंतर स्टीफन डरहॅम आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये दाखवलं की तीन-चार वर्षं टोचणी घेतली तर ती थांबवल्यावरही किमान तीन वर्षं फायदा टिकतो. आणखी काय हवं? मग दोन वर्षांत भागेल का? लंडनच्या त्याच मंडळींनी १०६ प्रौढांवर हेही तपासलं. काहींना टोचणी, काहींना जिभेखालची गोळी, काहींना दोन्ही खोटी. दोन वर्षं उपचार आणि मग एक वर्ष नुसती वाट पाहणं. २०१७मध्ये निकाल लागला: तिसऱ्या वर्षाअखेर तिन्ही गट सारखेच. आपल्या शहरांत अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं नाहीतर जिभेखालचे थेंब चालू करून वर्षभरात कंटाळणारे पुष्कळ आहेत. त्यांचे पैसे कुठे जातात हे या निकालावरून कळावं.

आता उलटी गोष्ट. सर्दीच्या अनेक गोळ्यांत चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी फिनाइलेफ्रिन घातलेलं असतं. अमेरिकेत २००६च्या सुमारास याच कामाचं आधीचं औषध, स्यूडोएफेड्रिन, काउंटरच्या मागे गेलं, कारण त्यापासून लोक नशेचं मेथ बनवू लागले होते. त्याची जागा फिनाइलेफ्रिनने घेतली. हे औषध नाकात थेंब म्हणून चालतं, पण पोटातून घेतलं की आतडं आणि यकृत ते बहुतांश निकामी करून टाकतात, नाकापर्यंत पोचतंय काय? फ्लोरिडा विद्यापीठातले लेस्ली हेंडेलिस आणि रँडी हॅटन वर्षानुवर्षं हेच सांगत सरकारदरबारी अर्ज करत होते. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅलर्जीच्या सर्दीच्या ५३९ प्रौढांना चौपटीपर्यंत मात्रा देऊनही ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. अखेर सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी १६ विरुद्ध ० मतांनी कौल दिला की तोंडावाटे घेतलेलं फिनाइलेफ्रिन नाक मोकळं करत नाही. आपल्याकडे डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा पाकिटावर छापायला सांगितला. मोठ्यांच्या गोळ्यांत ते अजून आहेच. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ‘सर्दीचं काहीतरी द्या’ म्हटलं, की बहुधा तेच हातात पडतं. गोळी घेतल्यावर बरं वाटतं ते बऱ्याचदा त्यातल्या पॅरासिटॅमॉलमुळे आणि गुंगी आणणाऱ्या क्लोरफेनिरामिनमुळे.

दुसरी लाडकी गोळी म्हणजे मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची जोडगोळी. मार्च २०२०मध्ये अमेरिकेने मॉन्टेलुकास्टवर सर्वांत कडक प्रकारचा इशारा लावला. झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, म्हणून अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी इतर औषधं चालत नसतील तरच ती द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे ती चिठ्ठीवर सहज उतरते.

या सगळ्यात जिंकलेलं औषध आपल्याकडे बदनाम आहे, ते म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा. १९९८मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने १६ चाचण्यांचा, २,२६७ रुग्णांचा एकत्रित हिशेब छापला. चोंदणं, वाहणं, शिंका, खाज या सगळ्यांत फवारा अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांपेक्षा वरचढ ठरला. पण ‘स्टेरॉइड’ म्हटलं की घरातल्या थोरल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. दम्याच्या पंपाबाबतही ‘सवय लागते’ हे पालुपद आहेच. फवाऱ्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती जिथे हवी तिथेच पडते. पोटात घ्यायच्या स्टेरॉइडची भीती फवाऱ्यावर काढणं मला तरी न्याय्य वाटत नाही.

फवारा फसतो तो बहुतेक वेळा मारण्याच्या पद्धतीमुळे. डोकं किंचित पुढे झुकवा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा, म्हणजे टोक मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला वळतं आणि रक्त येत नाही. जोरात ओढू नका, औषध घशात जातं. आणि दोन दिवसांत सोडून देऊ नका, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. जलनेती करत असाल तर जरूर करा, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या. २०११मध्ये लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती केलेले दोघं मेंदूत अमीबा शिरून दगावले.

टोचणी किंवा थेंब सुरू करायचे असतील तर डॉक्टरांना आधी तीन गोष्टी विचारा: माझी अ‍ॅलर्जी नक्की कशाची आहे, या औषधाची चाचणी त्याच अ‍ॅलर्जीवर झाली आहे का, आणि दवाखान्यात अ‍ॅड्रेनलीन तयार आहे का. टोचणीनंतर अर्धा तास तिथेच बसून राहा. दमा आटोक्यात नसेल तर टोचून घेऊच नका. आणि पंप चालू असेल तर हा लेख वाचून किंवा शेजाऱ्यांचं ऐकून तो बंद करू नका.